पक्षी उडूं न देतां

मुंबईहून किहीमला, आक्षीला किंवा नागांवला चार दिवसांच्या सुटीसाठीं निघालेल्या कुटुंबाच्या सामानांत अलीकडे एक नवें ओझें वाढलें आहे. पूर्वीं पाण्याचा तांब्या, पत्त्यांचा जोड आणि दशम्यांचा डबा एवढ्यावर भागत असे. आतां त्यांत जाड अस्तराची एक काळी पिशवी असते, आणि तिला मुलांनीं हात लावावयाचा नाहीं, असा घरच्या यजमानाचा, किंवा तितक्याच वेळां घरच्या लेकीचा, सक्त हुकूम असतो. पिशवींत कॅमेरा व हातभर लांबीचें दूरवेधी भिंग असतें. पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा हा छंद बहुधा रविवारच्या सहलींत जडतो; शिवडीच्या चिखलावर रोहित पाहून आणि कर्नाळ्याच्या रानांत मान दुखेपर्यंत वर पाहून तो वाढतो; आणि सुटी लागली कीं समुद्रकांठीं येऊन पोंचतो.

छंद उत्तम आहे, यांत वाद नाहीं. त्याच्या पायीं माणूस पहाटे उठूं लागतो, गप्प बसावयास शिकतो, आणि ज्या पाखरांना तो जन्मभर नुसतें ‘बगळे’ म्हणत आला, त्यांच्या दहा जाती त्याला ओळखतां येऊं लागतात. बंदुकीच्या जागीं कॅमेरा आल्यानें शिकारीची जुनी हौस निरुपद्रवी झाली, असेंही पुष्कळ जण मानतात. हें शेवटचें मात्र तपासून घेण्यासारखें आहे. बंदुकीनें पाडलेला पक्षी समोर पडलेला दिसतो. कॅमेऱ्याच्या मागें लागून झालेली हानि चित्रांत उतरत नाहीं, आणि ती करणारा आनंदांत घरीं परततो.

मांडव्याच्या बोटीपासूनच आरंभ करावा. गेटवेहून बोट सुटली कीं हिंवाळ्यांत कुरव पक्ष्यांचा थवा तिच्या मागें लागतो. हे पाहुणे आहेत. त्यांपैकीं तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट अशा उंच प्रदेशांतील सरोवरांच्या कांठीं अंडीं घालतो आणि थंडी काढावयास कोंकणच्या किनाऱ्यावर येतो. डिसेंबरांत त्याचें डोकें पांढरेंच असतें, कानामागें एक काळसर ठिपका तेवढा दिसतो. मार्च उजाडला कीं डोकें तपकिरी होऊं लागतें व पक्षी आपल्या नांवाला जागतो. उडता पक्षी टिपण्याची शाळा याहून सोपी मिळणार नाहीं. कुरव बोटीच्या वेगानेंच उडत असल्यामुळें डोळ्यांसमोर जवळजवळ स्थिर राहतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकें शटर जलद ठेवलें म्हणजे त्याचे पंख स्वच्छ येतात. नवशिक्याची फसगत होते ती दुसरीकडे. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोर जें दिसेल तें सारें मध्यम करड्या रंगाचें धरून चालतो. मागें उजळ आकाश असेल तर तो प्रकाश कमी करतो आणि पांढरा कुरव काळवंडतो. उलट एखादा बगळा काळ्या ओल्या चिखलावर उभा असेल तर तो प्रकाश वाढवतो, आणि बगळ्याच्या अंगावरचें पीस न् पीस पुसून जाऊन चित्रांत केवळ एक पांढरा डाग उरतो. यंत्राला पक्षी कळत नाहीं, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे आकाशाविरुद्ध प्रकाश थोडा चढवावा व चिखलावर थोडा उतरवावा, एवढें पुरतें.

बोटींतले उतारू या कुरवांना गांठ्या आणि फरसाण फेंकतात. कांहीं छायाचित्रकार त्यांना तसें करावयास उत्तेजनही देतात, कारण मग पक्षी हाताच्या अंतरावर येतो. मासे आणि किडे खाणाऱ्या पाखरास तळलेलें पीठ घालून काढलेलें असलें चित्र हें पक्ष्याचें कमी आणि फरसाणाचें अधिक असतें. असो. बोट तासाभरांत मांडव्याला लागते.

किनाऱ्यावर पोंचल्यावर घड्याळाचें काम संपतें व पंचांगाचें सुरू होतें. कोंकणांतील दर्यावर्दी लोकांचा आडाखा असा कीं, तिथीला पाऊणनें गुणावें म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजतां, एकादशीला सव्वाआठ वाजतां, पौर्णिमेला व अमावास्येला दुपारीं बाराच्या अलीकडे. आणि तेथून सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. वद्य पक्षांत पुन्हां प्रतिपदेपासून मोजावयाचें. हिशेब स्थूल आहे. मिनिटांचा काटा पाहणारांसाठीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें मिळतात. पण छायाचित्रकाराला आडाखा पुरतो, आणि घरांत आजी असेल तर त्याला पंचांग उघडण्याचीही तसदी पडत नाहीं.

या वेळा पाहावयाच्या त्या पक्ष्यांच्या जेवणासाठीं. आक्षीच्या वाळूवर हिंवाळ्यांत लांब, वांकड्या चोंचीचा कोरल येतो. काळ्यापांढऱ्या अंगाचा आणि तांबड्या चोंचीचा कालवफोड्या येतो. मुठींत मावतील एवढे चिखले पक्षी येतात. आणि ज्याला इंग्रजींत सँडरलिंग म्हणतात तो पांढुरका चिमुकला पक्षी येतो. हा शेवटचा तर मुलांना फार आवडतो. लाट मागें सरली कीं तो तिच्या पाठोपाठ धांवतो, ओल्या वाळूंत चार ठिकाणीं चोंच खुपसतो, आणि नवी लाट आली कीं पाय भिजूं नयेत अशा घाईनें परत फिरतो. या सर्वांचें अन्न म्हणजे वाळूंतले व चिखलांतले किडे, लहान खेकडे आणि शिंपले. समुद्र मागें हटेल तेव्हांच हें ताट वाढलें जातें, मग तो दिवस असो कीं रात्र. भरती आली म्हणजे जेवण बंद. मग हे पक्षी एखाद्या कोरड्या उंचवट्यावर एकत्र जमतात, वाऱ्याकडे तोंड करतात, एका पायावर उभे राहतात आणि पाण्याच्या परतण्याची वाट पाहतात.

असा थवा दिसला कीं मोह आवरत नाहीं. उभ्या पक्ष्यांचें चित्र निर्जीव वाटतें. उडाले तर आभाळ भरून जाईल! म्हणून घरांतला एखादा आठ वर्षांचा मुलगा थव्याच्या दिशेनें पिटाळला जातो, पक्षी एकदम उठतात, शंभर पंख एका वेळीं वळतात, आणि कॅमेरा सेकंदाला दहा-वीस चित्रें घेत सुटतो. चित्र खरोखरच देखणें येतें. हौशी माणसाच्या संग्रहांत तें असतेंच असतें. पण तें उतरवलें जात असतां काय घडतें तें पाहण्याजोगें आहे. पक्षी समुद्रावर एक घिरटी घालतात, उतरावयास पाहतात, तोंच त्याच वाळूवर फिरावयास आलेला दुसरा कोणी त्यांना पुन्हां उठवतो. मग एक कुत्रा, मग घोडागाडी, मग वाळूवर मोटार घालणारे तरुण. प्रत्येक जण म्हणतो कीं आपण एकदांच उडवले. पक्ष्याला मात्र त्या सकाळीं पंधरा वेळां उडावें लागतें.

एका उड्डाणाची किंमत ती काय, असें विचारणारानें हे पक्षी कोठून येतात व कोठें जातात याचा विचार करावा. सँडरलिंग उत्तर ध्रुवाजवळच्या उघड्या भूमीवर अंडीं घालतो. वाळूवरच्या चिखल्यांपैकीं कित्येक हिमालयापलीकडच्या पठारांवरून आलेले असतात. वसंतांत त्यांना परत जावयाचें असतें, आणि वाटेवरची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. ती याच किनाऱ्यावर, याच ओहोटीच्या तासांत सांठवावयाची असते. ही शिदोरी किती दूर नेते याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. २०२२ सालीं अलास्कांतून निघालेलें पाणटिवळ्याच्या जातीचें एक कोंवळें पाखरूं, अंगावर बसविलेल्या यंत्राच्या नोंदीप्रमाणें, सुमारें १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत न थांबतां तोडून टास्मानियास उतरलें. वाटेंत अन्न नाहीं, पाणी नाहीं, विसांवा नाहीं. त्याच जातीचे पक्षी, दुसऱ्या वाटेनें येणारे, कोंकणच्या किनाऱ्यावरही हिंवाळा काढतात. अशा पक्ष्याचें एका सकाळचें जेवण हुकलें तर तें दुपारीं घेतां येत नाहीं, कारण दुपारीं तेथें समुद्र असतो.

तेव्हां खरें कसब आहे तें पक्षी उडूं न देतां चित्र घेण्यांत. आणि नवल असें कीं याच रीतीनें चित्रही अधिक चांगलें येतें. त्यासाठीं पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासची सकाळ निवडावी. त्या दिवसांत ओहोटी पहांटे सहाच्या सुमारास पुरी होते, आणि सूर्य वर येत असतां पाणीही वर चढत असतें. छायाचित्रकारानें पक्ष्यांकडे चालत जाऊं नये. त्यानें पाण्याच्या कांठापासून बरेंच अलीकडे, सूर्य पाठीशीं येईल अशा जागीं वाळूवर बसावें, जमल्यास पालथें पडावें, आणि मग कांहीं करूं नये. चढतें पाणी पक्ष्यांना पाऊलपाऊल त्याच्याकडे आणतें. प्रथम शंभर पावलांवर असलेला चिखल्या तासाभरांत दहा पावलांवर येतो, वाळूंतला किडा ओढून काढतो, एक डोळा वर करून त्या पडलेल्या ओंडक्यासारख्या माणसाकडे पाहतो आणि पुन्हां जेवूं लागतो. कॅमेरा जमिनीलगत असल्यामुळें पक्ष्याच्या डोळ्यांशीं डोळा भिडतो. मागचा समुद्र निळसर धुक्यासारखा विरघळतो. उभ्यानें, वरून खालीं पाहत काढलेल्या चित्रांत हा भाव कधींच येत नाहीं. नऊ वाजल्यानंतर ऊन पांढरें होतें, वाळूवरून वाफा निघून चित्र थरथरूं लागतें. तेव्हां भिंगावरचा खारा दमट थर पुसून घरीं जावें. वाळूवर भिंग मात्र बदलूं नये, एवढें यंत्राच्या काळजीविषयीं बस्स आहे.

पक्षी आपल्यामुळें अस्वस्थ झाला आहे हें ओळखणें अवघड नाहीं. तो खाणें थांबवतो. मान ताठ करतो. कांहीं जाती डोकें खालींवर हलवूं लागतात. इतकें दिसलें कीं जागच्या जागीं थांबावें, किंवा हळूच मागें सरकावें. हातभर पुढें जाण्यानें मिळणारें चित्र बहुतेक पाठमोरेंच असतें.

हें झालें हिंवाळ्याचें. उन्हाळ्याच्या सुटींत किनाऱ्यावरचे पाहुणे गेलेले असतात, आणि कॅमेरा घरट्यांकडे वळतो. घरट्याची ही ओढ या कलेच्या जन्मापासूनची आहे. इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीर्टन या यॉर्कशायरमधील दोघां भावांनीं १८९२ सालच्या एप्रिलांत कस्तुराच्या जातीच्या एका पक्ष्याच्या अंड्यांसहित घरट्याचें छायाचित्र घेतलें, आणि १८९५ सालीं पक्ष्यांच्या घरट्यांवर सर्वस्वीं छायाचित्रांनीं सजलेलें पुस्तक काढलें. त्या काळीं कांचेच्या जड तबकड्या वापराव्या लागत. भिंगें आंखूड आणि शटर मंद. जो पक्षी ठराविक जागीं पुन्हां पुन्हां येईल त्याचेंच चित्र घेतां येई, आणि अशी जागा म्हणजे घरटें. पक्ष्यांना संशय येऊं नये म्हणून कीर्टन बंधूंनीं बैलाचें कातडें ताणून एक पोकळ बैल केला व त्याच्या पोटांत उभें राहून चित्रें घेतलीं. कुरणांतल्या पक्ष्यांनीं तो बैल खरा मानला. पुढें १९३७ सालीं एरिक हॉस्किंग हा तरुण इंग्रज छायाचित्रकार वेल्समध्यें एका घुबडाच्या घरट्याशीं रात्रीं गेला असतां मादीनें अंधारांतून झडप घालून त्याचा डावा डोळा नखांनीं फोडला. डोळा गेला, तरी तो एका डोळ्यानें आणखी कित्येक दशकें पक्ष्यांचीं छायाचित्रें घेत राहिला, आणि त्याच्या काळांतील या विद्येचा अग्रणी ठरला. त्या घुबडाच्या मादीपाशीं निदान नखें तरी होतीं.

टिटवीपाशीं तींही नाहींत. अलिबाग परिसरांत वाड्यांमागच्या मोकळ्या रानांत व नांगरून ठेवलेल्या शेतांत मार्चपासून तिचीं अंडीं सांपडतात. घरटें असें नसतेंच. जमिनींतला एक उथळ खळगा, भोंवतीं चार खडे, आणि त्यांत मातीच्या रंगाचीं, काळे शिंतोडे उडालेलीं चार अंडीं, टोंकें आंत करून ठेवलेलीं. पायाखालीं येईपर्यंत तीं दिसत नाहींत, आणि म्हणूनच तीं दिसलीं कीं छायाचित्रकारास धन सांपडल्यासारखें होतें. मग तो जवळ बसतो. नर आणि मादी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडत असतात. तो म्हणतो, ओरडूं देत, थोड्या वेळानें संवय होईल.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. टिटवी अंड्यांवर बसते ती केवळ ऊब देण्यासाठीं, ही समजूत अपुरी आहे. एप्रिल-मेच्या दुपारीं तिचें काम उलट असतें. अंडीं तापूं न देणें. ती त्यांच्यावर उभी राहून सांवली धरते. इतकेंच नव्हे तर जवळच्या पाण्यांत जाऊन पोटाचीं पिसें भिजवते आणि ओल्या पोटानें परत येऊन अंडीं गार करते. नर व मादी दोघेंही ही पाळी करतात, सुमारें चार आठवडे. ज्या उन्हांत छायाचित्रकार टोपी काढूं शकत नाहीं, त्या उन्हांत तीं चार अंडीं त्याच्या अर्ध्या तासाच्या हौसेखातर उघडीं पडलेलीं असतात. चित्र घेतां घेतां अंडें आंतल्या आंत शिजूं शकतें. बाहेरून त्यावर कांहींच खूण उमटत नाहीं. शिवाय कावळा असतो. माणूस कोठें वांकून पाहतो आहे हें माडावर बसलेला कावळा नीट पाहून ठेवतो, आणि माणूस गेल्यावर खालीं उतरतो.

टिटवीचीं अंडीं समुद्रानें नेलीं आणि तिनें समुद्र आटवावयाचा पण केला, ही गोष्ट मराठी घरांत मुलांना सांगितली जाते. टिटवीदेखील समुद्र आटवते, अशी म्हणही त्यावरून पडली आहे. तीं मुलें मोठीं होऊन त्याच समुद्राकांठीं कॅमेरा घेऊन जातात, एवढाच काय तो फरक. कायद्याचेंही याविषयीं स्पष्ट मत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तींत वन्य पक्ष्यांचीं अंडीं फोडणें येतेंच, पण अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणें हेंही येतें. बंदूक टाकून कॅमेरा घेतल्याचें समाधान मानणारानें ही व्याख्या एकदां वाचावी. आणि कीर्टन बंधूंची अडचण आतां कोणाला उरली आहे? हातभर भिंग व सेकंदाला वीस चित्रें देणारें यंत्र असतां घरट्याशीं जाण्याचें कारण सोयीचें नसून केवळ संवयीचें आहे.

याचा अर्थ घरटीं पाहूंच नयेत असा नाहीं. किहीमचेंच उदाहरण आहे. १९३० सालीं सलीम अली जर्मनींतून शिकून मुंबईस परत आले तों त्यांची वस्तुसंग्रहालयांतील जागा रद्द झालेली होती. खर्च भागेना, म्हणून ते किहीमला राहावयास गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याच्या त्या महिन्यांत त्यांनीं तिच्यापुढें बसून रोजची टिपणें ठेवलीं आणि जें पाहिलें तें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. नर अर्धेंच घरटें विणतो, मादी येऊन तें पाहते, पसंत पडलें तर आंत राहते, आणि मगच तो लांब नळी विणून घर पुरें करतो. तें होतांच तो दुसऱ्या घराला लागतो, दुसऱ्या मादीसाठीं. गांवांतल्या पोरांनाही पाठ असलेल्या या पाखराचा संसार असा आहे, हें तोंपर्यंत कोणाला नीट ठाऊक नव्हतें. महिनोन्महिने बसून पाहण्यानें तें कळलें. सुटीवर आलेला माणूस डिसेंबरांत त्याच गांवीं शिंदीच्या झाडाला लोंबणारीं रिकामीं घरटीं टिपतो. तींही चित्रें चांगलीं असतात, आणि त्यांनीं कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

हौशी माणसाजवळ महिने नसतात, चार दिवस असतात. तरी त्या चार दिवसांचाही उपयोग होऊं शकतो. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, जी १८८३ सालीं स्थापन झाली, स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचीं कडीं घालते. कांहींच्या पायांवर अक्षरें असलेल्या रंगीत पट्ट्याही बसवते. परदेशांतील संस्थांचींही अशीं कडीं असतात. एरवीं तीं वाचण्यासाठीं पक्षी पुन्हां धरावा लागे, किंवा मेलेला सांपडावा लागे. लांब भिंगानें आतां तीं उभ्या पक्ष्याच्या पायावरच वाचतां येतात. म्हणून थव्याचीं दोनशें चित्रें घरीं आणल्यावर तीं टाकून देण्यापूर्वीं प्रत्येकांतले पाय मोठे करून पाहावेत. हें काम मुलांकडे सोंपवावें. त्यांचे डोळे चांगले असतात, आणि पिशवीला हात लावूं न दिल्याचा त्यांचा राग तेवढ्यानें निवळतो. एखाद्या पायावर पट्टी दिसली तर तिचा रंग, तिच्यावरचीं अक्षरें, ती डाव्या पायावर आहे कीं उजव्या, दिवस, वेळ आणि किनाऱ्याचें नांव एवढें लिहून सोसायटीकडे धाडावें. तो पक्षी कोठें, कोणत्या सालीं आणि कोणाच्या हातून सुटला होता, तें कळून येतें. चित्र मागून काढलेलें, थोडें अस्पष्ट आणि प्रकाशाच्या दृष्टीनें चुकलेलें असलें तरी चालतें. अक्षरें तेवढीं वाचतां आलीं पाहिजेत, आणि त्यासाठीं पक्षी जागेवर उभा असला पाहिजे.